अर्धा मिलिमीटर पोलाद

४ जुलै १९२५. अमेरिकेचा स्वातंत्र्यदिन. सव्वीस वर्षांच्या एका काऊबॉयनं सणाचे बार काढायला आपलं कोल्ट रिव्हॉल्व्हर उचललं. काडतुसं त्यानं स्वतःच्या हातानं भरलेली होती, दारू आणि गोळी दोन्ही दणकट. मग एका बाराला काहीतरी बिनसलं. पाहतो तो सिलिंडरचा वरचा अर्धा भाग जागेवर नव्हता आणि त्याच्यावरची पोलादी पट्टीही उडून गेली होती. माणूस मात्र वाचला.

त्याचं नाव एल्मर कीथ. त्याच वर्षी 'अमेरिकन रायफलमन' या मासिकात त्यानं ही हकिगत लिहून पाठवली आणि त्याच्या लेखनाची सुरुवात तिथूनच झाली. आपल्या हातून फुटलेल्या हत्याराची गोष्ट चारचौघांत सांगायला धैर्य लागतं. पुढे तीस वर्षं चाललेल्या शोधाचं पहिलं पाऊल हेच होतं, असं मी मानतो.

धीर त्याच्या अंगात लहानपणीच मुरला होता. बारा वर्षांचा असताना मोंटानातल्या मिझूला गावी आगीत तो भयानक भाजला. एक हात वाकडा होऊन आखडला. तो हात पुन्हा मोडून सरळ बसवायला त्यानं वडिलांना लावलं आणि त्या वेदना सोसल्या. असा मुलगा पुढे घोडी वठणीवर आणणारा, गुरं राखणारा आणि आयडाहोच्या सॅमन नदीच्या खोऱ्यात शिकाऱ्यांचा वाटाड्या झाला.

आपल्याकडे १९७२च्या वन्यजीव कायद्यानं शिकारीची दारं बंद केली, आणि ते योग्यच झालं. पण आयडाहोच्या डोंगरात त्या काळी हिवाळ्याचं मांस जंगलातूनच येई. घोड्यावर, दोन्ही हात लगामात आणि दोरात गुंतलेल्या माणसाच्या कमरेला रिव्हॉल्व्हरच सोयीचं. अडचण ताकदीची होती. एल्क म्हणजे आपल्या सांबराच्या कुळातलं, पण त्याहून थोराड हरीण. नर तीनशे किलोंचा सहज भरतो. त्याच्यावर रायफल चालवणं वेगळं आणि रिव्हॉल्व्हर चालवणं वेगळं. गोळी कमी पडली तर जनावर घायाळ होऊन झाडीत जातं आणि दिवसभर तडफडतं. कीथच्या साऱ्या खटपटीचं मूळ इथे आहे. बार काढायचाच असेल, तर एकाच गोळीत जनावराची सुटका झाली पाहिजे.

मग ते रिव्हॉल्व्हर का फुटलं? कोल्टच्या त्या सिलिंडरमध्ये सहा कप्पे. .४५ कोल्ट हे १८७३चं काडतूस. त्याची पुंगळी जाडजूड, सुमारे १२.२ मिलिमीटर रुंद. सहा जाड पुंगळ्यांना जागा केली की दोन कप्प्यांमधली आणि बाहेरची भिंत पातळ होते. दारूचा दाब वाढवला की आधी तीच भिंत हार मानते.

याच मापाच्या सिलिंडरमध्ये .४४ स्पेशल बसवलं तर? त्याची पुंगळी सुमारे ११.६ मिलिमीटरची. फरक अर्ध्या मिलिमीटरहून थोडा जास्त. कागदावर ही रेघ दिसणारसुद्धा नाही. पण शेजारच्या दोन कप्प्यांमध्ये तेवढंच जादा पोलाद उरतं, आणि स्फोटाच्या क्षणी सगळी मदार त्याच पोलादावर असते. गोळी जराशी बारीक झाली, पण भिंत जाड झाली. कीथनं .४५चा नाद सोडला आणि .४४ स्पेशल धरलं.

कारखान्यातून येणारं .४४ स्पेशल फारच सौम्य होतं. २४६ ग्रेनची गोलाकार नाकाची गोळी सेकंदाला साधारण ७५५ फूट वेगानं निघे. आपला जुना तोळा नेमका १८० ग्रेनचा, म्हणजे ही गोळी तोळाभर आणि वर चार-साडेचार मासे भरते. वजन पुरेसं होतं. उणीव होती ती वेगाची आणि आकाराची.

१९२०च्या दशकाच्या अखेरीस कीथनं स्वतः गोळी आखली. लायमन कंपनीनं तिचा साचा काढला, क्रमांक ४२९४२१. पुढचं टोक सपाट, खांद्याला धारदार कड, तीन रुंद पट्टे, चरबीसाठी चौकोनी खाच, वजन २५० ग्रेनच्या आसपास. गोल नाकाची गोळी मांस बाजूला सारत निसटते आणि मागचं छिद्र मिटत येतं. सपाट नाकाची गोळी पूर्ण रुंदीनं वाट कापत जाते. रिव्हॉल्व्हरच्या वेगाला गोळी आत जाऊन फुलेलच याचा भरवसा नसतो, म्हणून तिचं काम तिच्या आकारानं आणि वजनानंच व्हायला हवं. अवजड जनावर तिरकं उभं असेल तरी हाडापलीकडे पोचणारी गोळी निवडायची, हा नियम हातानं काडतुसं भरणारे शिकारी आजही पाळतात.

त्या गोळीवर आणखी एक खाच आहे, आणि मला ती सर्वांत बोलकी वाटते. भरणाऱ्याच्या टेबलाशी जाऊन पाहा. रिकामी पुंगळी साच्यातून दाबून मापात आणतात, बुडात ठिणगी पाडणारा नवा प्रायमर बसवतात, तोललेली दारू ओततात आणि वरून गोळी रोवतात. इथेच काम संपलं असं नवख्याला वाटतं. पण रिव्हॉल्व्हर उडालं की हिसका सगळ्या सिलिंडरला बसतो. बाकीच्या पाच पुंगळ्या मागे खेचल्या जातात आणि त्यांतल्या गोळ्या जागीच राहू पाहतात. सैल बसलेली गोळी प्रत्येक बाराला केसभर पुढे सरकते. शेवटी तिचं नाक सिलिंडरबाहेर येतं, सिलिंडर फिरायचं थांबतं, आणि समोर घायाळ जनावर असतं. म्हणून पुंगळीची कड त्या खाचेत घट्ट मुडपायची. शिकारीसाठी काडतूस निवडताना वेगाच्या आधी ही मुडप तपासावी.

पुंगळीचं बूडही बदललं. जुन्या पुंगळ्यांची बुडं आतून पोखरलेली आणि दुबळी. पुढे भरीव बुडाच्या पुंगळ्या आल्या. १९३०च्या दशकात हर्क्युलिस कंपनीची सावकाश जळणारी २४०० नावाची दारू आली, आणि कीथची गोळी सेकंदाला १२०० फुटांपर्यंत पोचली. वेग दीडपटीहून थोडा जास्त, पण ऊर्जा वेगाच्या वर्गानं वाढते. जुन्या बाराच्या अडीचपट जोर त्याच मापाच्या हत्यारात आला.

आता कीथ कारखान्यांच्या मागे लागला. हे काडतूस तुम्ही तयार करा, असं तो वर्षानुवर्षं लिहीत राहिला. कारखाने कचरत होते आणि त्यांची भीती खरी होती. देशभर घराघरांत .४४ स्पेशलची जुनी रिव्हॉल्व्हरं पडून होती. नवं तिखट काडतूस कुणी त्यांत घातलं, तर १९२५सारखं रिव्हॉल्व्हर पुन्हा कुणाच्या तरी हातात फुटणार होतं, आणि प्रत्येक जण कीथसारखा वाचणार नव्हता.

यातून वाट निघाली ती साधी आणि सुंदर. १९५०च्या दशकात स्मिथ अँड वेसन आणि रेमिंग्टन या कंपन्यांनी काम हाती घेतलं. रेमिंग्टननं पुंगळीची लांबी इंचाचा आठवा भाग, म्हणजे जेमतेम तीन मिलिमीटर वाढवली. तेवढ्या लांबीमुळे नवं काडतूस जुन्या .४४ स्पेशलच्या कप्प्यात पुरतं बसतच नाही आणि सिलिंडर मिटत नाही. डिसेंबर १९५५च्या अखेरीस पहिलं रिव्हॉल्व्हर तयार झालं, १९५६च्या आरंभी ते जगासमोर आलं. नव्या काडतुसाचं नाव .४४ मॅग्नम. कीथनं मागितलं होतं त्याहूनही ते जोरकस निघालं.

१९७१च्या 'डर्टी हॅरी' या चित्रपटानं हेच हत्यार जगभर गाजवलं. पडद्यावर लोकांना त्याची ताकद दिसली. मला त्यात आधी संयम दिसतो. कीथचे भरण्याचे आकडे आजही पुस्तकांत आहेत, पण ते डोळे झाकून उचलू नयेत. पुंगळ्या बदलल्या, दारू बदलली, आणि जुनं पोलाद आणखी जुनं झालं. उचलावी ती त्याची पद्धत. हत्याराला किती सोसवतं ते आधी पाहायचं, मग गोळीचा आकार, मग वजन, मग मुडप, आणि वेग सगळ्यांत शेवटी.

अर्ध्या मिलिमीटरनं कीथला ताकद दिली. तीन मिलिमीटरनी ती ताकद चुकीच्या हत्यारात जाण्यापासून अडवली. फुटक्या सिलिंडरनं सुरू झालेला शोध, दुसऱ्या कुणाचं सिलिंडर फुटू नये अशी सोय करूनच थांबला.