सणसवाडीच्या टपरीवर कळलेला आवाज

रेडिओ केंद्रात निवेदकाचा माइक आणि ट्रान्समीटर यांच्यामध्ये एक पेटी असते. ऑडिओ प्रोसेसर. श्रोत्यांना तिचा पत्ता नसतो आणि केंद्रातली बरीच मंडळीही तिला रॅकमधल्या दिव्यांवरूनच ओळखतात. हळू आवाज उचलायचा, मोठा आवरायचा आणि काहीही झालं तरी एफएमचं विचलन ७५ किलोहर्ट्झच्या पुढे जाऊ द्यायचं नाही, हे तिचं काम. पूर्वी यासाठी वेगवेगळी यंत्रं लागत. १९७५ साली अमेरिकेत ऑर्बनचा ऑप्टिमॉड ८००० आला आणि हा सगळा कारभार एका पेटीत मावला.

या पेटीशी माझा बरीच वर्षं संबंध आला, आणि माझं मत पक्कं झालं आहे: ती स्टुडिओत बसून लागत नाही. तिथे स्पीकर भारी, भिंतींना आवाज शोषणारं अस्तर, बाहेरचा आवाज आत येत नाही. तिथे सगळंच गोड लागतं. म्हणून पुण्यातल्या केंद्राचं सेटिंग बदललं की मी नगर रस्त्याने सणसवाडी गाठायचो. अंतर तिसेक किलोमीटर. पुण्याचं एफएम इथे येतं, पण जोर ओसरलेला असतो. शेजारून ट्रेलर जातात, कारखान्यांच्या बस शिफ्टची माणसं घेऊन धावतात, आणि ड्रायव्हरच्या डोक्यावर रेडिओ चालू असतो. आपला खरा श्रोता तो.

ऐकायची जागा बोलायच्या जागेपासून लांब असावी, ही गोष्ट या भागाला नवी नाही. १९२७ साली इंग्लंडशी बिनतारी बीम सेवा सुरू झाली, तेव्हा संदेश खडकीहून सुटत आणि तिकडून येणारे दौंडला घेतले जात. आपल्याच ट्रान्समीटरच्या गदारोळात हजारो मैलांवरून आलेला क्षीण संकेत हरवू नये, म्हणून ही ताटातूट. दौंडचं नाव रेल्वेमुळे सगळ्यांना ठाऊक. बिनतारीच्या इतिहासातली त्याची जागा फारशी कोणी सांगत नाही, म्हणून इथे मुद्दाम सांगितलं.

आता किस्से. सणसवाडीत एका चहाच्या टपरीवर एकाच स्पीकरचा जुना रेडिओ असायचा. चहावाले मामा एकदा म्हणाले, “साहेब, तुमची बाई बोलाया लागली का गायबच होतीय. गाणं लागलं का परत झकास!” मी कान लावला. मुलाखत चालू होती. मागचं संगीत नीट ऐकू येत होतं, पण प्रश्न विचारणारी आणि उत्तर देणारा, दोघंही विहिरीच्या तळाशी बसल्यासारखे. केंद्रात फोन केला तर उत्तर आलं, इथे हेडफोनवर खणखणीत आहे.

दोघांचंही खरं होतं. मुलाखती नव्या रेकॉर्डिंग रूममध्ये व्हायच्या आणि तिथल्या मिक्सरमधून कॉम्प्युटरकडे जाणाऱ्या दोन केबलपैकी एकीच्या कनेक्टरमध्ये २ आणि ३ नंबरच्या पिनांची अदलाबदल झाली होती. त्यामुळे डावा आणि उजवा आवाज एकमेकांच्या उलट. हेडफोनवर दोन कानांत दोन वेगळे आवाज पोचतात, म्हणून काही हरवत नाही. एकच स्पीकर असला की दोन्हींची बेरीज होते, आणि मधोमध असलेला माणसाचा आवाज स्वतःलाच खोडून टाकतो. दोन टाके सोडवून पुन्हा घातले आणि काम झालं. त्या दिवसापासून मोनोचं बटण दाबून ऐकल्याशिवाय एकही मुलाखत पुढे जाऊ द्यायची नाही, असा दंडक घातला.

दुसरी तक्रार एका कंपनीच्या बसमध्ये कळली. निवेदिका बोलायला लागली की ड्रायव्हर आवाज बारीक करायचा, गाणं लागलं की वाढवायचा. कारण तिच्या ‘स’ आणि ‘श’मध्ये होतं. “सणसवाडीहून संदेश आलाय” एवढं वाक्यदेखील कानात सुईसारखं घुसायचं. एफएममध्ये वरच्या पट्टीत खरखर जास्त असते. म्हणून पाठवताना वरचे स्वर मुद्दाम उचलतात आणि रेडिओ ते तेवढेच खाली आणतो. याला प्री-एम्फसिस म्हणतात. आपल्याकडे त्याचं माप ५० मायक्रोसेकंद, अमेरिकेत ७५. इथे प्रोसेसर हे काम आधीच करत होता आणि ट्रान्समीटरच्या नव्याने बसवलेल्या एक्सायटरमध्येही, म्हणजे लहर तयार करणाऱ्या भागातही, तीच सोय चालू राहिली होती. एकच उचल दोनदा. १० किलोहर्ट्झला सुमारे १० डेसिबल जादा!

स्टुडिओत हे कोणालाच ऐकू आलं नाही, आणि येणारही नव्हतं. डिजिटल प्रोसेसरमधून आवाज बाहेर पडायला थोडा उशीर होतो. स्वतःचंच बोलणं असं मागाहून कानावर आलं की निवेदक अडखळतात. म्हणून त्यांच्या हेडफोनला मिक्सरचा थेट आवाज दिलेला असतो. हवेत काय जातंय ते त्यांच्या कानावर येतच नाही. ट्रान्समीटरचा आवाज परत आणून ऐकवणारा एक चांगला रिसीव्हर केंद्रात वेगळा चालू हवाच.

कीर्तनाच्या रेकॉर्डिंगने मात्र माझी खरी परीक्षा घेतली. बुवा एखादा दृष्टान्त सांगता सांगता थांबतात. त्या थांबण्यातच अर्धं कीर्तन असतं. प्रोसेसरला ते कळत नाही. आवाज कमी झाला असं समजून तो शांतता वर ओढतो आणि मांडवातला पंखा, जनरेटरची घरघर हळूहळू बुवांच्या बरोबरीला येते. मग बुवा पुन्हा बोलले की सगळं एकदम खाली दबतं. आवाज असा श्वास घेत राहिला तर ऐकणारा थकतो. इलाज दोन: ठरावीक पातळीखाली उचल गोठवणारं गेट थोडं वर घ्यायचं आणि आवाज परत वर येण्याचा वेग मंदावायचा. मी कीर्तनासाठी सकाळचं सेटिंगच वेगळं ठेवलं.

वरिष्ठांशी वाद व्हायचा तो एकाच गोष्टीवरून. शेजारच्या चॅनेलपेक्षा आपलं मोठं वाजलं पाहिजे, स्टिरिओ आणखी रुंद हवा. पुण्याच्या मध्यवस्तीत ते चालून जातं. सणसवाडीत नाही. स्टिरिओला मोनोपेक्षा किती तरी जोरकस सिग्नल लागतो. पत्र्याच्या शेड आणि ट्रेलरवर आदळून लहरी वेगवेगळ्या वाटांनी पोचतात, आणि डाव्या-उजव्यातला फरक जितका ताणावा तितकी खरखर वाढते. मी रुंदी कमी केली, क्लिपिंग, म्हणजे आवाजाची टोकं छाटणं, उतरवलं. मीटरवर आवाज थोडा लहान दिसला, पण बसमध्ये बोलणं स्वच्छ कळू लागलं. माझ्या लेखी निर्णय बसमध्ये लागतो, मीटरवर नाही.

वाचकांना एक विनंती. रेडिओचा आवाज खटकला तर केंद्राला जरूर कळवा. नुसतं ‘आवाज खराब येतो’ म्हणू नका. कुठल्या गावात, किती वाजता, गाडीत की मोबाइलवर, बोलताना की गाण्यात, एवढं सांगा. पलीकडे बसलेल्या माणसाला दोष शोधायला एवढ्या माहितीची फार मदत होते.