पोटातले पाणी आणि चिबड रान



या पानावर मी दरवेळी बेणे, खत आणि पाणी यांवर लिहितो. आजही विषय पाण्याचाच आहे, पण हे पाणी रानातले नव्हे, पोटातले. आमच्या घरी घडले ते झाकून ठेवण्यापेक्षा सांगितलेले बरे, कुणाच्या तरी उपयोगी पडेल.

मागच्या गळीत हंगामात आमच्या थोरल्या वहिनींचे पोट फुगू लागले. दोन घास खाल्ले की पोट भरायचे, लघवीला सारखे जावे लागायचे. गॅस असेल म्हणून तीन महिने ओवा आणि गोळ्या झाल्या. शेवटी परकराची नाडी पुरेना, तेव्हा पुण्याला आणले. सोनोग्राफीत पोटात पाणी दिसले. ते पाणी तपासले, रक्ताची सीए-१२५ ही तपासणी केली, आणि अंडाशयाचा कर्करोग निघाला.

पाणी होते कशाने? रोगाच्या पेशी पोटातल्या पातळ पडद्यावर पसरतात. तिथून पाणी पाझरते, आणि ते वाहून नेणाऱ्या बारीक वाहिन्याही तुंबतात. डॉक्टर हे सांगत होते तेव्हा मला आपले चिबड रान दिसत होते. पाझर चालू आणि निचरा बंद! मोटार लावून पाणी उपसले तरी आठ दिवसांनी पुन्हा डबके. मूळ धरून चर काढला तरच रान वापशावर येते.

इथेही तसेच आहे. जागा बधिर करून, सोनोग्राफीत बघून बारीक नळी घालतात आणि काही लिटर पाणी काढतात. श्वास मोकळा होतो, जेवण जाते, झोप लागते. पण काही दिवसांनी किंवा आठवड्यांनी पाणी पुन्हा साठते. फारच वारंवार साठू लागले तर कायमची नळी बसवता येते. पाण्याबरोबर शरीरातील प्रथिनेही जातात, म्हणून डाळ, दूध, अंडी झेपेल तेवढी द्यावीत. या रोगातल्या पाण्यावर लघवीच्या गोळ्यांचा गुण सहसा कमीच येतो. खरा चर म्हणजे केमोथेरपी आणि ऑपरेशन. वहिनींना कार्बोप्लॅटिन आणि पॅक्लिटॅक्सेलचे तीन डोस झाल्यावर पाणी जवळजवळ थांबले, मग ऑपरेशन झाले.

पण ते सुरू होण्याआधी घरात एक पुडीवाला येऊन गेला. "सुई लावू नका, रोग पसरतो. सगळी औषधे बंद करा, जुलाबावाटे पाणी पाडतो," म्हणाला. बंधूंचे मन डळमळले. वहिनींनी मला विचारले, "भावजी, पाणी काढलं की माणूस जातं म्हणतात, खरं का?"

मी पुण्यातल्या एका जाणत्या वैद्यांना विचारले. ते हसले. म्हणाले, जलोदरात बेंबीच्या खाली डाव्या अंगाला छेद घेऊन नळीने पाणी काढावे, असे सुश्रुतसंहितेतच सांगितले आहे. एका दिवशी सगळे काढू नये, टप्प्याटप्प्याने काढावे, मग पोट घट्ट बांधावे, असेही आहे. म्हणजे आयुर्वेदाच्या नावाने सुई नाकारणाऱ्याने आयुर्वेदच वाचलेला नाही!

झाडपाल्याला माझा विरोध नाही. पॅक्लिटॅक्सेल हे औषध मुळात अमेरिकेतील यू नावाच्या झाडाच्या सालीतच सापडले. तपासून, मात्रा ठरवून, अंडाशयाच्या कर्करोगासाठी तिथे १९९२ साली मंजूर झाले. पुण्याजवळ वाघोलीला भारतीय संस्कृती दर्शन ट्रस्टचे आयुर्वेदिक कर्करोग केंद्र आहे. भूक, थकवा, झोप यांसाठी वैद्याची मदत जरूर घ्या, पण डॉक्टरांना सांगून. नुसत्या पुडीने हा रोग बरा होतो, असा पुरावा नाही. जुलाबाने अंगातले त्राण जाते, गाठ जात नाही. बिनलेबलाच्या भस्मात शिसे-पारा असू शकतो, तो मूत्रपिंडाला बाधतो. आणि जो "डॉक्टरांचे औषध बंद करा" म्हणतो, त्याला दारातूनच नमस्कार करा.

खर्चाचे म्हणाल, तर महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कर्करोगाचे उपचार आहेत. रेशनकार्ड आणि आधार बरोबर न्या. धर्मादाय रुग्णालयांत १० टक्के खाटा निर्धनांना मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांना सवलतीत ठेवाव्या लागतात, ते न लाजता विचारा. रोग हाताबाहेर गेला तरी हाल होऊ न देण्याचेही शास्त्र आहे. पुण्यात वारज्याला सिप्लाचे केंद्र १९९७ पासून अशा रुग्णांची मोफत सेवा करते आणि घरच्यांनाही शिकवते.

आज वहिनी घरी आहेत, ओट्यावर बसून भाजी निवडतात. हा रोग उलटतो हे आम्हाला ठाऊक आहे, म्हणून तपासणीची तारीख चुकवत नाही. पण ओव्यात गेलेले ते तीन महिने काही परत येत नाहीत.

रानात पाय रुतला की आपण त्याच दिवशी चर बघायला जातो. घरची बाई पोट फुगते म्हणाली, आणि दोन-तीन आठवड्यांत उतरले नाही, विशेषतः पाळी गेलेली असेल, तर सोनोग्राफी करून घ्या. उसाची तोड एक दिवस थांबली तरी चालेल.

आपला,
ऊस विकास अधिकारी