आराखडा आणि माणसे

कलकत्त्याच्या दक्षिणेस हुगळीच्या काठी बजबज हे गाव आहे. तागाच्या गिरण्या आणि तेलाच्या टाक्या यांसाठी ते ओळखले जाते. मात्र कोणतेही मोठे काम अंगावर घेणाऱ्याने हे गाव ध्यानात ठेवावे, ते निराळ्याच कारणासाठी.

1914 च्या एप्रिलमध्ये 'कोमागाता मारू' हे जहाज हाँगकाँगहून कॅनडाकडे निघाले. गुरदितसिंग यांनी ते भाड्याने घेतले होते. जहाजावरील 376 प्रवाशांपैकी बहुतेक पंजाबातील शीख होते. व्हँकुव्हरच्या बंदरात दोन महिने अडवून ठेवल्यावर थोडे अपवाद वगळता सर्वांना परत धाडण्यात आले. 29 सप्टेंबर रोजी जहाज बजबजला लागले.

त्यांना उतरवून घेण्याची सरकारी योजना कागदावर चोख होती. धक्क्यालगत आगगाडी उभी होती, पोलीस हजर होते, हाती नवा वटहुकूम होता. प्रवाशांना थेट पंजाबात पोहोचवावयाचे ठरले होते. महायुद्ध नुकतेच पेटले होते आणि गदर चळवळीची सरकारला धास्ती होती. त्यामुळे निर्णय आधीच झालेला होता. प्रवाशांना तो पाळावयाचा होता, इतकेच.

पण सहा महिन्यांच्या विटंबनेने पोळलेल्या माणसांना आज्ञा म्हणजे आणखी एक अपमान वाटला. त्यांना कलकत्त्यास जाऊन गुरुग्रंथसाहेब गुरुद्वारात ठेवावयाचा होता. थोडे लोक गाडीत बसले. उरलेले ग्रंथसाहेब घेऊन पायी निघाले. वाटेत अडवून त्यांना माघारी आणण्यात आले. सायंकाळी स्थानकाजवळ झटापट झाली, गोळ्या सुटल्या आणि सुमारे वीस प्रवासी प्राणास मुकले. 1952 साली तेथे स्मारक उभे राहिले.

या योजनेत गाडी, वेळ, मनुष्यबळ यांचा हिशेब होता. समोरच्या माणसाच्या मनाचा नव्हता. संशयाने ग्रासलेल्या राजवटीला तो करावासा वाटला नाही, हे खरे. तरी पूल, धरण वा कारखाना उभारणाऱ्यालाही हाच धोका असतो. शंका ऐकून घेणे, निर्णयाचे कारण सांगणे आणि समोरच्याची प्रतिष्ठा राखून तडजोडीला वाव ठेवणे ही कामे सौजन्य म्हणून शेवटी करावयाची नसतात. आराखडा आखतानाच त्यांना वेळ राखून ठेवावा लागतो.

प्रवरेकाठी याचे उलट उदाहरण सापडते. सहकारी साखर कारखान्यासाठी विठ्ठलराव विखे पाटील गावोगाव हिंडले. सावकारीने गांजलेल्या शेतकऱ्याकडून नव्या संस्थेसाठी पैसा मागणे सोपे नव्हते. त्यांनी प्रथम विश्वास मिळविला, मग भागभांडवल जमले. अर्थशास्त्रज्ञ धनंजयराव गाडगीळांची विद्वत्ता आणि विखे पाटलांची लोकांत मिसळण्याची हातोटी यांचा मेळ बसला, म्हणून 1950 च्या सुमारास कारखान्याचे धुराडे पेटले.

हिशेब चुकला तर तो पुन्हा मांडता येतो. तुटलेला विश्वास जोडावयास मात्र पिढ्या लागतात. व्हँकुव्हरच्या त्या अन्यायाबद्दल कॅनडाच्या पंतप्रधानांनी संसदेत क्षमा मागितली, ती 2016 साली. तोवर शंभरांहून अधिक वर्षे लोटली होती.