पायाखालचा खडक आणि आपले पाणी

पाऊस किती पडावा हे आपल्या हाती नाही. पडलेला पाऊस जमिनीत किती मुरेल, हे पायाखालचा खडक ठरवतो.

धुळे जिल्ह्याचा बराचसा भाग बेसाल्ट या काळ्या खडकाचा आहे. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हारस थिजून तो तयार झाला. त्यात पाणी राहते ते भेगांत आणि वरच्या मुरमात, तेही बेताचेच. जळगावच्या रावेर-यावल भागात मात्र तापीने व सातपुड्यातील नद्यांनी गाळ, वाळू, गोट्यांचे जाड थर आणून टाकले. त्यांत मुरलेल्या पाण्यावर केळीच्या बागा उभ्या राहिल्या.

पण मुरते त्याहून उपसा अधिक झाला आणि पाणी खोल गेले. ऐपतदार आणखी खोल कूपनलिका घेतो; गरिबाची विहीर आटते.

यावर उपायही खडक ओळखूनच सापडतो. शिरपूर तालुक्यात २००४ पासून भूवैज्ञानिक सुरेश खानापूरकर यांच्या मार्गदर्शनाखाली नाले रुंद व खोल करण्यात आले. पाणी मुरू न देणारा पिवळ्या मातीचा थर काढला, बंधारे बांधले. आसपासच्या विहिरींचे पाणी वर आले.

मात्र नुसते मुरवून भागत नाही. पांझरेकाठच्या जुन्या फड पद्धतीत बंधाऱ्याचे पाणी पाळीने मिळे, पाटकरी ते वाटून देई. भूगर्भातील पाण्यालाही अशी पाळी हवी, असे आम्हांस वाटते. जमिनीखालच्या पाण्याला बांध नसतो. ते साऱ्या गावाचे आहे.