शेजाऱ्याच्या छपरावरचं आभाळ

दापोली तालुक्यातल्या आमच्या गावी घराला लागूनच नानांचं घर आहे. दोन्ही घरांच्या मध्ये चिऱ्यांचा छातीएवढा गडगा. तीन पिढ्या आम्ही या गडग्यावरून बोलत आलो आहोत. ताकाचा लोटा, लग्नाची आमंत्रणं, प्रसंगी भांडणंसुद्धा, सगळं याच गडग्यावरून. पण एक रीत कोणी न शिकवता प्रत्येकाला ठाऊक होती. गडग्याजवळ जाताना आधी खाकरायचं, हाक मारायची आणि नानांच्या मागीलदाराकडे नजर टाकायची नाही. कारण तिथे त्यांची न्हाणी आहे. तिला चारी बाजूंनी झापांचा आडोसा आणि वर मोकळं आभाळ.

दोन वर्षांपूर्वी मे महिन्यात मी कॅमेऱ्याचा ड्रोन घेऊन गावी गेलो. हौस दुसरी काय! आमचं घर, कलमांची बाग आणि मागचा समुद्र एका चित्रात बसवायचा होता. सकाळी नऊच्या सुमाराला खळ्यात यंत्र ठेवलं आणि उडवलं. मधमाश्यांचं मोहोळ उठावं तसा आवाज करत ते साठ-सत्तर फुटांवर गेलं आणि वाऱ्याने थोडं सरकून नेमकं नानांच्या मागीलदारावर स्थिरावलं. पुढच्याच क्षणी खालून किंकाळी आली. नानांची सून न्हाणीत होती. ओल्या अंगाला लुगडं गुंडाळून ती घरात धावली.

थोड्या वेळाने नाना गडग्यापाशी आले. मी घाईघाईने सांगितलं, "नाना, कॅमेरा समुद्राकडे होता. मी चित्रण दाखवतो तुम्हाला. त्यात तुमचं घरसुद्धा नाही." नाना म्हणाले, "कॅमेरा कुठे होता ते तुला ठाऊक. तिला कसं कळायचं?" चित्रण बघायला ते आले नाहीत. आणि मी गावात होतो तितके दिवस ती बाई आमच्या खळ्यात कोणाची चाहूल लागली की मागीलदारातून आत जायची.

मला वाईट तर वाटलंच, पण त्याहून जास्त मी चक्रावलो. कारण नियम मी वाचून गेलो होतो आणि त्यातला एकही मोडला नव्हता. मग चुकलं कुठे?

आधी नियम काय आहेत ते थोडक्यात सांगतो. आपल्याकडे २५ ऑगस्ट २०२१ रोजी ड्रोन नियम अधिसूचित झाले. त्यांत वजनावरून पाच वर्ग आहेत. २५० ग्रॅमपर्यंतचा तो नॅनो, २ किलोपर्यंतचा मायक्रो आणि त्यापुढे २५ किलो, १५० किलो असे वाढत जाणारे. हौसेखातर घेतले जाणारे बहुतेक ड्रोन पहिल्या दोन वर्गांत बसतात. नॅनोला, आणि धंद्यासाठी नसेल तर मायक्रोलाही, चालकाचं प्रमाणपत्र लागत नाही. मात्र यंत्राची नोंद करून ओळख क्रमांक घ्यावा लागतो. नॅनो सोडून बाकीच्यांना, मोटारीला असतो तसा, त्रयस्थ व्यक्तीच्या नुकसानीचा विमा लागतो. आणि आभाळाचे तीन रंग केलेले आहेत. हिरव्या भागात जमिनीपासून ४०० फुटांपर्यंत, म्हणजे १२० मीटरपर्यंत, परवानगीशिवाय उडवता येतं. विमानतळाच्या हद्दीपासून ८ ते १२ किलोमीटरच्या पट्ट्यात ही मर्यादा २०० फुटांवर येते. पिवळ्या भागात हवाई वाहतूक नियंत्रकाची परवानगी लागते. लाल भागात केंद्र सरकारच्या परवानगीशिवाय उडवायचंच नाही. नियम मोडला तर एक लाख रुपयांपर्यंत दंड आहे. मुंबईत तर पोलीस वेळोवेळी आदेश काढून ड्रोनवर सरसकट बंदी घालतात, त्यामुळे तिथे नकाशा हिरवा दिसला तरी आधी चौकशी करावी हे बरं.

आता या सगळ्या नियमांत एक गंमत आहे. ते विमानाची काळजी घेतात, विमानतळाची घेतात, लष्करी तळांची घेतात. न्हाणीची घेत नाहीत. २०१८ च्या नियमावलीत आणि मार्च २०२१ च्या नियमांत ड्रोन उडवणाऱ्याने लोकांचा खासगीपणा जपावा असं बजावलेलं होतं. ऑगस्ट २०२१ मध्ये सगळं सुटसुटीत केलं, तेव्हा पंचवीस फॉर्म होते त्यांचे पाच झाले, फार चांगलं झालं. पण त्या सुटसुटीतपणात ही गोष्टही गळून गेली. घराच्या छपरावरून किती अंतर ठेवून उडवावं, शेजाऱ्याला विचारावं की नाही, याबद्दल ते नियम काही बोलत नाहीत.

मग छपरावरचं आभाळ कोणाचं? हा प्रश्न ड्रोनच्या कितीतरी आधीचा आहे. अमेरिकेत नॉर्थ कॅरोलिनामधल्या ग्रीन्सबरोजवळ एका शेतकऱ्याचा कोंबडीपालनाचा धंदा होता. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात शेजारच्या विमानतळावर लष्करी विमानं उतरू लागली. ती त्याच्या शेतावरून अवघ्या ८३ फुटांवरून जात. कोंबड्या घाबरून भिंतींवर आपटून मरत. अशा दीडशेच्या आसपास कोंबड्या गेल्या आणि धंदा बसला. प्रकरण अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात गेलं. १९४६ मध्ये न्यायालयाने सांगितलं की जमीन माझी म्हणून थेट स्वर्गापर्यंतचं आभाळ माझं, ही जुनी कल्पना विमानांच्या युगात चालणार नाही. पण जमिनीचा उपभोग घेण्यासाठी जेवढी हवा लागते तेवढी मालकाचीच. शेतकरी जिंकला.

इंग्लंडमध्ये १९७७ साली याच्या उलट घडलं. एका कंपनीने विमानातून एका लॉर्डसाहेबांच्या बंगल्याचं छायाचित्र काढलं आणि वर ते त्यांनाच विकायला गेली! साहेब भडकले, कोर्टात गेले आणि हरले. विमान शेकडो फूट उंचावरून गेलं, त्याने तुमच्या घराच्या वापरात काही अडथळा आला नाही, असं न्यायमूर्ती म्हणाले. मात्र जाता जाता त्यांनी हेही सांगून ठेवलं की एखाद्याच्या घरावर वरून सतत पाळत ठेवून त्याची प्रत्येक हालचाल टिपली, तर तो उपद्रव ठरू शकेल आणि न्यायालय दाद देईल. ड्रोन तेव्हा कोणाच्या ध्यानीमनीही नव्हता.

पण मला खरा हवा होता तो धागा सापडला आपल्याच एका जुन्या कायद्यात. १८८२ चा भारतीय सुविधाधिकार अधिनियम. वाटेचा हक्क, पाण्याचा हक्क, उजेडाचा हक्क असले शेजाऱ्या-शेजाऱ्यांमधले विषय त्यात आहेत. त्याच्या अठराव्या कलमात रूढीने मिळणाऱ्या हक्कांचं एक उदाहरण दिलेलं आहे. एखाद्या गावात अशी रूढी असेल की शेजाऱ्याचा आडपडदा मोडेल अशी नवी खिडकी कोणी काढायची नाही, तर तिथे घर बांधणाऱ्याला तो हक्क आपोआप मिळतो. गुजरातेतल्या अशा रूढीला मुंबई उच्च न्यायालयाने त्याच्याही आधी मान्यता दिली होती. १८८८ मध्ये अलाहाबाद उच्च न्यायालयापुढे असाच दावा आला. शेजाऱ्याच्या नव्या घराचा व्हरांडा आणि दारं अशी झाली होती की घरातल्या बायका राहत तो भाग तिथून दिसे. न्यायालयाने खासगीपणाचा तो रूढ हक्क मान्य केला.

हे वाचलं आणि माझं कोडं सुटलं. मी नानांच्या न्हाणीवर खिडकी काढली होती. उडती, पण खिडकीच. आणि खिडकीतून कोणी डोकावतंय की नाही हा प्रश्न तिथे दुय्यम असतो. आत वावरणाऱ्या माणसाला आता मोकळेपणाने वावरता येत नाही, इथेच नुकसान झालेलं असतं.

मुद्दाम डोकावणाऱ्यासाठी फौजदारी कायदा आहेच. बाई न्हात असताना किंवा अशाच खासगी अवस्थेत असताना तिला चोरून पाहणं किंवा टिपणं हा भारतीय न्याय संहितेच्या ७७ व्या कलमाखाली गुन्हा आहे. पहिल्याच वेळी एक ते तीन वर्षं कैद. माहिती तंत्रज्ञान कायद्याचं '६६ ई' हे कलमही आहे; संमतीवाचून कोणाच्या, म्हणजे पुरुषाच्याही, खासगी अवयवांचं चित्र टिपलं किंवा पसरवलं तर तीन वर्षांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही. आणि २४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे असा एकमताने निर्वाळा दिला. पण हे कायदे वाईट हेतूच्या माणसासाठी आहेत. माझ्यासारख्या हौशी, सज्जन आणि बेसावध माणसाला ते अडवत नाहीत. त्याला रीतच अडवते.

अशी रीत कशी असावी याचा एक नमुना आपल्या गावागावांत होऊन गेलेला आहे. २४ एप्रिल २०२० रोजी केंद्राची स्वामित्व योजना सुरू झाली. गावठाणातल्या घरांची ड्रोनने मोजणी करून मालकाला मालमत्तेचा कागद द्यायचा, ही ती योजना. महाराष्ट्रात पुरंदर तालुक्यातल्या सोनोरी गावी त्याआधीच हा प्रयोग झाला होता. यात ड्रोन एकदम आभाळात येत नाही. आधी ग्रामसभेत माहिती देतात. मग लोकांना आपापल्या हद्दी दाखवायला सांगतात आणि त्या हद्दींवर फक्कीने पांढऱ्या रेघा ओढतात. त्यानंतर यंत्र उडतं. म्हणजे ड्रोन वर जातो तेव्हा खालच्या प्रत्येकाला ठाऊक असतं की हा कोणाचा, कशासाठी आणि आज का. म्हातारी माणसं अंगणात उभी राहून वर बघतात, पोरं मागे धावतात.

याच्या उलट चित्र २०२४ च्या पावसाळ्याच्या तोंडाशी दिसलं. पुणे जिल्ह्याच्या ग्रामीण भागात रात्री घरांवरून ड्रोन फिरतात अशा तक्रारी येऊ लागल्या. चोर टेहळणी करतात, अशी बोलवा पसरली. गावोगावी लोक काठ्या घेऊन गस्त घालू लागले. यंत्र तेच. फरक एवढाच की ते कोणाचं हे कोणालाच ठाऊक नव्हतं.

तेव्हा पहिली गोष्ट, आदल्या दिवशी सांगून यावं. मोबाइलवर निरोप टाकून नव्हे, घरी जाऊन. सोसायटीत राहत असाल तर फलकावर वेळ आणि आपला सदनिका क्रमांक लिहावा. उडवताना आडबाजूला उभं राहू नये, सगळ्यांना दिसेल अशा जागी उभं राहावं. यंत्र कोणाचं ते खालच्याला समजलं की निम्मी भीती जाते. शेजाऱ्याच्या हद्दीवरून जायचंच असेल तर सरळ निघून जावं, तिथे घिरट्या घालू नयेत. आणि वेळ पाहावी. सकाळी न्हाण्याधुण्याची आणि दुपारी डोळा लागायची वेळ सोडावी.

उंचीबद्दल लोकांचा एक गैरसमज असतो. जितकं खाली तितकं निरुपद्रवी, असं वाटतं. प्रत्यक्षात उलट आहे. साध्या रुंद कोनाच्या कॅमेऱ्याने ४०० फुटांवरून सरळ खाली टिपलं तर सुमारे पावणेदोनशे मीटर रुंदीचा टापू येतो आणि त्यात माणसाचं डोकं जेमतेम चार-पाच ठिपक्यांचं असतं. तो कोण, हे आईलासुद्धा ओळखता यायचं नाही. तोच कॅमेरा ५० फुटांवर आणला की डोकं तीस-पस्तीस ठिपक्यांचं होतं, आणि आवाज तर थेट कानात. म्हणून वस्तीवरून जाताना परवानगी असेल तितकं उंच जाणं हेच सभ्यपणाचं. दूरचं जवळ आणणारी भिंगं असलेल्या यंत्रांना मात्र हा हिशेब लागू नाही, हेही सांगायला हवं.

आणि आपल्या घरावर कोणाचा ड्रोन आला तर? दगड मारू नये. मोह होतो, मला समजतं. पण दुसऱ्याच्या वस्तूचं नुकसान केलं म्हणून गुन्हा आपल्यावरच यायचा, शिवाय फिरती पाती असलेलं ते यंत्र खाली कोणाच्या डोक्यावर पडेल याचा नेम नाही. वेळ टिपावी, मोबाइलवर त्याचं चित्र घ्यावं, ते कुठे उतरतं ते पाहावं. बहुतेक वेळा चालक हाकेच्या अंतरावरच असतो आणि बहुतेक वेळा तो माझ्यासारखाच असतो. तो ऐकत नसेल, किंवा पुन्हा पुन्हा तेच घडत असेल, तर पोलिसांचा ११२ क्रमांक आहे.

गेल्या मे महिन्यात गावी गेलो तेव्हा यंत्र पिशवीतच ठेवलं आणि आधी नानांच्या ओटीवर जाऊन बसलो. चहा झाला. "नाना, उद्या उडवू का?" असं विचारलं. ते काही वेळ बोलले नाहीत. मग आत सुनेला हाक मारून त्यांनी विचारलं. आतून काय उत्तर आलं ते मला ऐकू आलं नाही. नाना म्हणाले, "दहानंतर उडव. आणि उडवतोच आहेस तर आमच्या छपरावर नेऊन बघ. वानरांनी कौलं फोडलीत. वर चढायला आता माणूस मिळत नाही."

दुसऱ्या दिवशी साडेदहाला नाना माझ्या शेजारी खळ्यात उभे राहिले. पडद्यावर बोट ठेवून त्यांनी फुटकी कौलं मोजली. सात निघाली. सून मात्र यंत्र खाली उतरेपर्यंत घराबाहेर आली नाही.