प्रवचन नको, स्वतःचं सांगा!

रेडिओवर कुणी जीवनमूल्यांबद्दल बोलायला लागलं की उपदेशाची धास्ती वाटते. पण १९५१ साली पत्रकार एडवर्ड मरो यांनी अमेरिकेत सुरू केलेल्या ‘धिस आय बिलीव्ह’ या कार्यक्रमात उपदेशाला जागाच नव्हती. सिनेटर मॅकार्थी जिथे तिथे कम्युनिस्ट शोधत होते, त्या संशयी दिवसांत लेखिका हेलन केलर, बेसबॉलपटू जॅकी रॉबिन्सन आणि कितीतरी साधी माणसं आपण कशाच्या आधारावर जगतो ते सांगून गेली. केवढं धाडस!

२००५ मध्ये एनपीआर या सार्वजनिक रेडिओने तो कार्यक्रम पुन्हा सुरू केला. त्यात वाचायच्या निबंधाच्या अटी मला फार आवडतात: जास्तीत जास्त पाचशे शब्द, म्हणजे तीनेक मिनिटं. काय मानत नाही ते नको, काय मानता ते बोला. ‘आपण’ नको, ‘मी’ म्हणा. आणि प्रसंग सांगा.

माझा सर्वांत लाडका निबंध अंत्यविधीला आवर्जून जाण्याबद्दलचा. सोळाव्या वर्षी वडिलांनी लेखिकेला तिच्या जुन्या गणिताच्या बाईंच्या अंत्यदर्शनाला एकटीलाच आत पाठवलं होतं. पुढे वडीलच गेले. त्यांचा अंत्यविधी: बुधवार, दुपारचे तीन, कामाचा दिवस. तरी चर्च माणसांनी भरलेलं. बस्स, एवढंच. तरी ऐकताना घसा दाटतो.

एनपीआरवर ही मालिका २००९ पर्यंत चालली, निबंधांचे संग्रहही निघाले. ऐकायचं ठरवलंत तर सुरुवात अंत्यविधीच्या त्या निबंधापासूनच करा.