रंगाखालचं लोखंड

जासईवरून बंदराकडे जाणाऱ्या रस्त्यावर दिवसरात्र ट्रेलरची रांग असते. न्हावा-शेवा बंदर २६ मे १९८९ रोजी सुरू झालं. २०२३-२४ या एका वर्षात तिथे ६४ लाखांहून जास्त टीईयू, म्हणजे वीस फुटी कंटेनरच्या मापाने मोजलेला माल हाताळला गेला. काही कंटेनर रेल्वेने जातात, बरेचसे रस्त्याने. चाळीस फुटी कंटेनर वाहणाऱ्या नेहमीच्या ट्रेलरला पुढच्या घोड्याची, म्हणजे ओढणाऱ्या गाडीची, सहा आणि मागच्या तीन ॲक्सलची बारा अशी अठरा चाकं असतात, स्टेपनी वेगळी. एवढी चाकं जिथे फिरतात तिथे ती उतरवणारे, खरवडणारे आणि रंगवणारे हातही लागतातच. टायरवाल्याच्या टपरीमागे, गॅरेजच्या पत्र्याखाली, ट्रेलरच्या पार्किंगच्या कडेला हे काम चालतं. त्याला मोठी पाटी नसते आणि त्याबद्दल फारसं कुणी लिहीतही नाही.

जासई हे शेतकऱ्यांचे नेते दि. बा. पाटील यांचं गाव. १३ जानेवारी १९२६ ला त्यांचा जन्म इथेच झाला. नवी मुंबईसाठी आणि बंदरासाठी जमिनी गेल्या, त्याविरुद्ध जानेवारी १९८४ मध्ये याच परिसरात त्यांच्या नेतृत्वाखाली आंदोलन पेटलं. १६ आणि १७ तारखेच्या पोलीस गोळीबारात पाच जण हुतात्मा झाले. गेलेल्या जमिनीच्या बदल्यात साडेबारा टक्के विकसित भूखंडाचं तत्त्व त्या लढ्यातून आलं. शेती आणि मिठागरं गेल्यावर इथल्या अनेक घरांनी वाहतुकीच्या धंद्यात पाय रोवला. कुणी डंपर घेतला, कुणी ट्रेलर. त्यामुळे इथे चाकाला भेग जाणं ही एका घराच्या मिळकतीची गोष्ट असते, आणि रस्त्यावरच्या इतरांच्या जिवाचीही.

टायर ज्या लोखंडी भागावर बसतो त्याला गॅरेजात डिस्क म्हणतात. वीस इंची ट्यूबच्या जुन्या चाकात ती एकसंध नसते. मूळ रिम, बाजूची रिंग आणि ते सगळं जागेवर धरणारी लॉक रिंग असे तिचे भाग असतात. नव्या ट्यूबलेस गाड्यांची साडेबावीस इंची डिस्क एकाच तुकड्याची असते, तिला रिंग नसते. चेन्नईतल्या पाडी इथे १९६० साली स्थापन झालेली व्हील्स इंडिया ही कंपनी अशी पोलादी चाकं बनवते. आपल्याकडे चाकणलाही ती बनतात. कारखान्यातून निघताना डिस्क रंगाच्या टाकीत बुडवून विजेच्या साहाय्याने रंगवलेली आणि भट्टीत भाजलेली असते. तो थर पातळ, सारखा आणि चिवट असतो. रस्त्याकडेच्या रंगाला त्याची सर येत नाही, हे आधीच मान्य केलेलं बरं.

जासईची हवा लोखंडाची शत्रू आहे. एका अंगाला खाडी, खारफुटी, पूर्वीच्या मिठागरांची जमीन. वर कोकणचा चार महिन्यांचा पाऊस. रंगाला खडा लागून टवका उडाला की खारट ओल आत शिरते. गंज मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा व्यापतो, म्हणून तो आजूबाजूचा रंग आतून उचलत पुढे सरकतो. वरून फक्त फुगवटा दिसतो. तो नखाने उचकटला की खाली पापुद्र्यांचा तपकिरी भुगा हाती येतो. लॉक रिंग जिच्यात बसते त्या खाचेत असा गंज धरला तर रिंग पूर्ण बसत नाही. बसल्यासारखी दिसते, एवढंच.

या कामातला पहिला जीवघेणा क्षण तिथेच असतो. ट्रकच्या टायरमध्ये शंभर पौंडांच्या वर हवा असते. रिंग नीट बसली नसेल तर ती हवा भरताना किंवा चाक उतरवताना सुटते आणि समोर जे असेल त्याला घेऊन जाते. अमेरिकेने १९८० मध्ये अशा अनेक तुकड्यांच्या चाकांसाठी वेगळा सुरक्षा नियम केला, तो या अपघातांमुळेच. जाणता टायरवाला नटाला पाना लावण्याआधी व्हॉल्व्हची पिन काढून हवा पूर्ण जाऊ देतो. जोडचाक असेल तर दोन्हीची. हवा भरताना चाक लोखंडी पिंजऱ्यात ठेवायचं आणि आपण बाजूला उभं राहायचं. पिंजरा मात्र पुष्कळ टपऱ्यांवर नसतोच. ही उणीव पैशांची कमी आणि सवयीची जास्त.

टायर उतरला की खरं काम सुरू होतं. जाड पापुद्रे छिन्नीने किंवा पटाशीने उडवायचे, मग ग्राइंडरला वायरचा कप लावून घासायचं. कोपऱ्यात, नटाच्या भोकांभोवती आणि हवेच्या खिडक्यांच्या कडांना हाताचाच ब्रश चालवावा लागतो. कुणी रिमूव्हर लावून रंग फुगवतात, कुणी कॉस्टिकच्या पाण्यात डिस्क बुडवून ठेवतात. ब्लास्टिंगने काम सर्वांत स्वच्छ होतं, पण साध्या वाळूने ते करू नये. वाळूच्या बारीक धुळीने फुप्फुसं कायमची निकामी होतात. ब्रिटनने १९४९ च्या नियमांनी ओतकामाच्या सफाईत वाळू वापरायला मनाई केली. आपल्या कारखाने नियमांतही तशी बंदी आहे. त्याऐवजी पोलादी छर्रे किंवा धातूच्या मळीची खडी वापरतात.

रंगाच्या धुळीचं दुखणं तितकंच गंभीर आहे. जुन्या प्रायमरमध्ये शेंदूर, म्हणजे शिशाच्या ऑक्साइडची भुकटी, सर्रास असायची. घरगुती आणि सजावटीच्या रंगांत शिशाचं प्रमाण दहा लाखांत ९० भागांपेक्षा जास्त नसावं, हा नियम भारतात १ नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाला. औद्योगिक रंग त्याच्या कक्षेत येत नाहीत. म्हणून जुना पिवळा किंवा केशरी थर कोरडा घासणाऱ्या पोराच्या नाकावर नुसता रुमाल पुरत नाही, चांगला मास्क हवा. तोच हात न धुता वडापाव खाणं म्हणजे शिसं पोटात घालणं. ब्लोलॅम्पने रंग जाळण्याची पद्धत तर बंदच व्हायला हवी. शिशाचा धूर होतो, आणि टायर चढवलेला असताना डिस्क तापवली किंवा तिला वेल्डिंग केलं तर आतल्या रबराचा वायू होऊन टायर फुटू शकतो.

लोखंड उघडं झालं की चाक बोलू लागतं. नटाच्या भोकापासून निघालेली केसासारखी रेघ ही भेग असते. भोक गोल न राहता लंबोळं झालं असेल, तर ते चाक सैल नटांवर धावलेलं आहे. नटाखालून निघालेले गंजाचे ओघळही तेच सांगतात. बोरघाट उतरताना ब्रेक तापतात, त्याच्या खुणा डिस्कच्या आतल्या अंगाला राहतात. असा माल भंगारात गेला पाहिजे. वेल्डिंग भरून, वर सिल्व्हर रंग मारून तो पुन्हा गाडीला लावणं हा गुन्हा समजावा. जुलै २०१८ मध्ये केंद्र सरकारने वजनाची मर्यादा वाढवली, तेव्हा तीन ॲक्सलच्या संचाची मुभा २४ वरून २७ टन झाली. बारा चाकांत वाटले तर एकेकावर सव्वादोन टन. चमकदार सिल्व्हरखाली लपलेली भेग हे वजन पेलत नाही.

मग येतो रंग. उघडं लोखंड किनाऱ्याच्या हवेत काही तासांत पुन्हा लालसर होतं, म्हणून प्रायमर त्याच दिवशी बसला पाहिजे. हवेत ओलावा ८५ टक्क्यांच्या वर असेल तर थांबावं. जासईच्या जुलैत हे पाळायचं म्हणजे काम जवळजवळ बंदच. त्यामुळे पाऊस सरल्यावर, खंडेनवमी-दसऱ्याच्या आधी या कामाची झुंबड उडते. पूजेला उभ्या राहणाऱ्या गाडीची चाकं चकचकीत हवीत, ही मालकाची हौस रास्तच आहे.

पण गंमत अशी की रंगात सढळ हात नडतो. डिस्क ज्या भागाने हबला टेकते आणि जोडचाकात एक डिस्क दुसरीला जिथे टेकते, तिथला रंग दोन लोखंडांच्या मध्ये दाबला जातो. दोन डिस्कांच्या दोन-दोन बाजू, म्हणजे चार थर. नट आवळल्यावर त्याच्या आतला स्टड ताणला जातो तो मिलिमीटरच्या एक-दोन दशांशानेच. त्या ताणावरच चाक जागेवर राहतं. चार जाड थर दाबाने आणि उष्णतेने चेपले की तेवढा ताण निघून जातो. नट फिरलेला नसतो, तरी सैल झालेला असतो. म्हणून टेकण्याच्या जागी रंग अगदी पातळ असावा, नट बसतो तिथे तर नसावाच. जाणते कारागीर नट बसण्याची वर्तुळं ग्रीस लावून किंवा जुने नट बसवून झाकतात आणि मगच स्प्रे धरतात. हे पाच मिनिटांचं काम पाहिलं की माणसाची जात कळते, कामाच्या बाबतीत.

ट्रेलरमालकांनी म्हणून दोन गोष्टी स्वतः कराव्यात. खरवडलेली डिस्क प्रायमर लागण्याआधी उजेडात स्वतः पाहावी. आणि नवीन रंगाची चाकं चढवल्यावर साधारण शंभर किलोमीटरनंतर, म्हणजे पुण्याच्या फेरीला बोरघाट चढून तळेगावच्या आसपास, गाडी बाजूला घेऊन सगळे नट कंपनीने सांगितलेल्या मापाने पुन्हा आवळून घ्यावेत.